भूमिहीनांच्या मैत्रीचा कथाकार : जॉन स्टाइनबेक

१९३६च्या मे महिन्यातील गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पॅसिफिक ग्रोव्ह या लहानशा गावी एका लेखकाच्या घरात कोणी नसताना टोबी नावाच्या कुत्र्याच्या पिल्लाने एका हस्तलिखिताच्या चिंध्या केल्या. दोन महिन्यांच्या श्रमातून उतरलेले जवळजवळ निम्मे लेखन त्यात गेले. दुसरी प्रत नव्हती. लेखकाने पिल्लाला किरकोळ शिक्षा केली, कदाचित त्याची साहित्यिक जाण आपल्यापेक्षा बरी असावी अशी स्वतःची थट्टा करून घेतली आणि पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतले. उन्हाळा सरेपर्यंत पुस्तक पूर्ण झाले. १९३७च्या फेब्रुवारीत ते प्रसिद्ध झाले आणि थोड्याच आठवड्यांत त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. पुस्तकाचे नाव होते 'ऑफ माइस अँड मेन' आणि लेखक होता जॉन स्टाइनबेक.

आज जगभरातील वर्गांतून ही छोटी कादंबरी अभ्यासली जाते. कथा तशी चार दिवसांची. जॉर्ज आणि लेनी हे दोन शेतमजूर सोलेदाद गावाजवळच्या मळ्यावर सातूची पोती वाहण्याच्या कामाला येतात. जॉर्ज चणीने लहान, पण हुशार. लेनी अंगाने राक्षसासारखा आणि बुद्धीने लहान मुलासारखा. मऊ वस्तू कुरवाळण्याचा त्याला नाद आणि स्वतःच्या ताकदीचा अंदाज मात्र नाही. थोडी जमीन घ्यायची, गाय-कोंबड्या पाळायच्या, लेनीने सशांची काळजी घ्यायची, हे दोघांचे स्वप्न. महिना पन्नास डॉलर मजुरीवर जगणाऱ्यांना सहाशे डॉलरची ती जमीन म्हणजे आकाशच. तरी हात गमावलेला म्हातारा कॅंडी आपली साठवलेली पुंजी पुढे करतो आणि स्वप्न क्षणभर हाताशी येते. मग लेनीच्या हातून मळेवाल्याच्या सुनेची मान मोडते आणि नदीकाठी, खवळलेला जमाव पोहोचण्यापूर्वी, जॉर्ज आपल्या मित्राला त्याच स्वप्नाची गोष्ट सांगत स्वतःच गोळी घालतो.

या कथेची खरी मेख तिच्या शेवटापेक्षा तिच्या मधल्या भागात आहे. मळ्यावरील प्रत्येक जण एकटा आहे. तबेल्यात वेगळा राहणारा कृष्णवर्णीय क्रुक्स एकटा आहे, जिला लेखकाने नावही दिले नाही अशी ती सून एकटी आहे आणि ज्याचे म्हातारे कुत्रे इतरांनी नेऊन मारले तो कॅंडीही एकटा आहे. ते काम आपणच करायला हवे होते, परक्याच्या हाती द्यायला नको होते, ही कॅंडीची हळहळ पुढे जॉर्जच्या हातातील पिस्तुलाचा अर्थ उलगडते. सोलेदाद या स्पॅनिश शब्दाचा अर्थच एकटेपणा. ज्याच्याजवळ जमीन नाही, घर नाही, त्याला सोबत हीच एक मालमत्ता उरते आणि परिस्थिती तीही हिरावून घेते, हे स्टाइनबेकने सांगितले. ते त्याला कुठून कळले, याचे उत्तर त्याच्या आयुष्यात आहे.

२७ फेब्रुवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथे त्याचा जन्म झाला. वडील पुढे मॉन्टेरे परगण्याचे खजिनदार झाले. आई ऑलिव्ह ही लग्नापूर्वी शिक्षिका होती. घर प्रशस्त आणि पुस्तकांनी भरलेले. तीन बहिणींमधला तो एकुलता भाऊ. नवव्या वर्षी मावशीने त्याला राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांच्या कथांचे पुस्तक भेट दिले. सोबत्याशी इमान राखणे हाच धर्म मानणाऱ्या त्या सरदारांनी त्याची पाठ आयुष्यभर सोडली नाही.

घराबाहेर मात्र दुसरेच जग होते. सॅलिनासचे खोरे सुपीक. तिथल्या साखर कंपनीच्या मळ्यांवर आणि कारखान्यात तरुण जॉन सुट्ट्यांमध्ये काम करी. पाठीवर वळकटी टाकून एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर हिंडणारे मजूर त्याने तिथे पाहिले, त्यांच्या बराकींत त्यांच्याबरोबर तो राहिला. खजिनदाराचा मुलगा असल्याने त्याला परतायला घर होते, त्यांना नव्हते. हा फरक तो कधी विसरला नाही. लेनीचे मूळही याच अनुभवात असल्याचे त्याने १९३७मध्ये एका वृत्तपत्राला सांगितले. आपण ज्याच्या बरोबरीने काही आठवडे राबलो त्या खऱ्या मजुराने मुलीला नव्हे, तर मुकादमाला मारले होते आणि तेही मुकादमाने त्याच्या मित्राला कामावरून काढले म्हणून, असे त्याचे म्हणणे होते. तो माणूस तेव्हा वेड्यांच्या इस्पितळात होता.

१९१९मध्ये स्टाइनबेक स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाला. तिथे तो येत-जात राहिला आणि १९२५मध्ये पदवीविना बाहेर पडला. त्याच वर्षी मालवाहू जहाजाने तो न्यूयॉर्कला गेला. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या बांधकामावर त्याने काँक्रीटच्या हातगाड्या ओढल्या, वार्ताहर म्हणून नोकरी धरली आणि गमावलीही. हात हलवत तो कॅलिफोर्नियात परतला. १९२९मध्ये पहिली कादंबरी आली, पण तिची दखल फारशी घेतली गेली नाही. १९३०मध्ये कॅरोल हेनिंग हिच्याशी त्याचे लग्न झाले. जागतिक मंदीच्या त्या दिवसांत वडिलांनी पॅसिफिक ग्रोव्हमधील कौटुंबिक घर राहायला दिले आणि दरमहा २५ डॉलर देऊ केले. त्यावर आणि कॅरोलच्या कमाईवर संसार चाले. त्याची हस्तलिखिते टंकलिखित करणारी आणि त्यांतील सैल वाक्यांवर बोट ठेवणारीही तीच.

त्याच वर्षी त्याला आयुष्यातला सर्वांत मोठा मित्र भेटला. एड रिकेट्स हा सागरी जीवशास्त्रज्ञ मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर एक प्रयोगशाळा चालवीत असे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जीव न्याहाळताना तो जे दिसते ते आधी नीट पाहावे, दोष कुणाचा हे ठरवण्याची घाई करू नये, असा आग्रह धरी. स्टाइनबेकच्या लेखणीला या दृष्टीने वळण लावले. 'ऑफ माइस अँड मेन'ला त्याने आधी दिलेले शीर्षक घडून गेलेली एक घटना एवढ्याच अर्थाचे होते. नंतर स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या, नांगराने घर मोडलेल्या उंदरावरील कवितेतून नवे शीर्षक आले. या कथेत खलपुरुषाचा शोध घेणारा वाचक रिकाम्या हाताने परततो, त्याचे कारण रिकेट्सच्या त्या प्रयोगशाळेत आहे.

१९३५मध्ये 'टॉर्टिला फ्लॅट'ने त्याला पहिले यश दिले, पण आई १९३४मध्येच गेली होती आणि वडीलही पुस्तक येण्याच्या सुमारास वारले. १९३६मध्ये मजुरांच्या संपावरील 'इन ड्युबियस बॅटल' प्रसिद्ध झाली. कुत्र्याने फाडलेली कादंबरी हातावेगळी होताच 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज' या दैनिकाने त्याच्यावर एक कामगिरी सोपवली. अवर्षण आणि धुळीच्या वादळांनी उठवलेली ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतील शेतकरी कुटुंबे कॅलिफोर्नियात लोटत होती. एक जुनी बेकरीची गाडी घेऊन स्टाइनबेक त्यांच्या वस्त्यांमध्ये हिंडला. आर्विनजवळच्या सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स याने त्याला वाट दाखवली, आपल्या नोंदी वाचायला दिल्या. ऑक्टोबर १९३६मध्ये सात लेखांची मालिका छापून आली.

दरम्यान कादंबरीचे नाटक झाले होते. मुळात ती रंगमंचाचा विचार करूनच लिहिलेली होती. मोजकी स्थळे, बहुतांश संवाद. जॉर्ज कॉफमनच्या दिग्दर्शनाखाली २३ नोव्हेंबर १९३७ रोजी न्यूयॉर्कच्या म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये ते सादर झाले. दोनशेहून अधिक प्रयोग आणि नाट्यसमीक्षकांचा पुरस्कार त्याला लाभला. लेखकाने मात्र तो प्रयोग कधी पाहिला नाही. त्याचे मन दुसरीकडे गुंतले होते.

१९३८च्या आरंभी व्हिसेलिया भागात पूर आला. हजारो कुटुंबे चिखलात, तंबूंत, उपाशी आणि आजारी पडली होती. स्टाइनबेक तिथे गेला आणि हादरून परतला. या विषयावर लिहिण्यासाठी एका नामांकित मासिकाकडून आलेला प्रस्ताव त्याने नाकारला. या लोकांच्या यातनांवर पैसा करणे आपल्याला जमणार नाही, असे त्याने आपल्या प्रतिनिधीला कळवले. मे अखेरीस तो लिहायला बसला आणि सुमारे पाच महिन्यांत 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' पूर्ण केली. पुस्तक कॅरोल आणि टॉम या दोघांना अर्पण केले होते.

एप्रिल १९३९मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि ज्या यातनांवर पैसा करायचा नाही असे त्याने ठरवले होते, त्यांनीच त्याला श्रीमंत केले. वर्षभरात चार लाखांहून अधिक प्रती खपल्या. मळेवाल्यांच्या संघटनांनी त्याला खोटारडा आणि कम्युनिस्ट ठरवले. ज्या कर्न परगण्यात कथेचा बराचसा भाग घडतो, तिथल्या वाचनालयांतून पुस्तकावर ऑगस्ट १९३९मध्ये बंदी आली. ते जाळलेही गेले आणि जाळणाऱ्यांत त्याचे सॅलिनासही होते. १९४०मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी छावण्या स्वतः पाहून पुस्तकात अतिशयोक्ती नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याचे हजार डॉलर स्टाइनबेकने एका मित्राला पुस्तक लिहिता यावे म्हणून देऊन टाकले.

यश मात्र महाग पडले. बेकरीची गाडी घेऊन अनोळखी माणसासारखे छावणीत शिरणे आता शक्य नव्हते. कॅरोलशी असलेले नाते विस्कटले आणि १९४३मध्ये घटस्फोट झाला. ग्विन काँगर हिच्याशी झालेल्या दुसऱ्या विवाहातून दोन मुलगे झाले, पण तोही टिकला नाही. मे १९४८मध्ये रेल्वे फाटकावर रिकेट्सच्या मोटारीला आगगाडीने धडक दिली आणि तीन दिवसांनी तो गेला. 'कॅनरी रो' या १९४५च्या कादंबरीत ज्याला त्याने नायक केले, तो मित्र नाहीसा झाला. त्याच वर्षी दुसरा संसारही मोडला. त्यानंतरचे त्याचे लेखन पूर्वीच्या तोडीचे नाही, असे मानणारे अनेक समीक्षक या मृत्यूकडे बोट दाखवतात. जॉर्जची नदीकाठची संध्याकाळ लिहून झाल्यावर अकरा-बारा वर्षांनी लेखकाच्या वाट्याला स्वतःचे सोलेदाद आले होते.

१९५०मध्ये त्याने इलेन स्कॉट हिच्याशी विवाह केला आणि न्यूयॉर्कमध्ये तो स्थिरावला. १९५२मध्ये 'ईस्ट ऑफ ईडन' ही सॅलिनासच्या खोऱ्याची प्रदीर्घ कहाणी आली. १९६२मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा कौतुकाइतकीच टीका झाली. आपण त्याला पात्र आहोत का, या प्रश्नाला त्याने सरळ नकारार्थी उत्तर दिले. पन्नास वर्षांनी खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून निवड समितीसमोर त्या वर्षी सर्वमान्य असे नाव नव्हते आणि त्यातून ही निवड झाली, हे उघड झाले. १९६६-६७मध्ये व्हिएतनाममधून लिहिलेल्या वार्तापत्रांत त्याने अमेरिकी सैनिकांची बाजू घेतली आणि जुने डावे चाहते दुरावले. २० डिसेंबर १९६८ रोजी, वयाच्या ६६व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

त्याच्या चित्रणातही उणिवा आहेत. तेव्हाच्या कॅलिफोर्नियाच्या शेतांत मोठ्या संख्येने राबणारे मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर त्याच्या या दोन प्रसिद्ध कादंबऱ्यांत जवळजवळ दिसत नाहीत. 'ऑफ माइस अँड मेन'मधील वांशिक शिव्या आणि अनामिक स्त्री यांवर वर्गांत आजही वाद होतात. अमेरिकेत शाळांतून काढून टाकण्याची मागणी वारंवार झालेल्या पुस्तकांत तिचे नाव वरच्या रांगेत असते. पण क्रुक्सच्या खोलीतील तो प्रसंग नीट वाचला, तर अपमान कसा वरून खाली झिरपत जातो आणि दुबळा आपल्याहून दुबळ्याला कसा बोचकारतो, हे जितके तिथे दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसते.

स्टाइनबेकच्या अस्थी सॅलिनासला आणल्या गेल्या. ज्या गावाने त्याची पुस्तके जाळली, त्याने पुढे आपल्या वाचनालयाला त्याचे नाव दिले आणि १९९८मध्ये त्याच्या नावाचे भव्य केंद्रही उभे केले. २००४च्या अखेरीस मात्र पैशाअभावी गावातील तिन्ही सार्वजनिक वाचनालये बंद करण्याचे घाटले. एक स्टाइनबेकच्या नावाचे होते, दुसरे शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्या. शेतमजुरांची मुले ज्या टेबलांवर अभ्यासाला बसत, तीच जाणार होती. लेखक, कार्यकर्ते आणि रहिवासी एकत्र आले, चोवीस तास जाहीर वाचन झाले, देणग्या जमल्या आणि नोव्हेंबर २००५मध्ये गावकऱ्यांनी मतदानाने जादा विक्रीकर स्वतःवर लावून घेतला. वाचनालये वाचली. पुतळ्यांपेक्षा आणि पारितोषिकांपेक्षा स्टाइनबेकचे ऋण त्या दिवशी अधिक फिटले असावे.