मायकेल फॅरडे : शास्त्रज्ञ आणि मंडळीचे वडील

हळ्ळीखेड (बी) आणि आसपासच्या सीमेवरील गावांतील आपली मुले दहावीला आली की रसायनशास्त्राच्या तासाला त्यांची आयनांशी गाठ पडते. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि पुस्तकात हा ग्रीक शब्द! मुले तो पाठ करतात व परीक्षा देतात. पण हा शब्द ज्यांनी शास्त्रात आणला ते एका लहानशा मंडळीत वचनाची सेवा करणारे वडील होते, हे आपल्या शब्बाथ शाळेत क्वचितच सांगितले जाते.

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहार होते. आजारपणामुळे त्यांच्या हातून नेहमी काम होत नसे. १८०१ च्या महागाईत लहान मायकेलला आठवडाभरासाठी एकच पाव मिळे. शाळा जेमतेम झाली. चौदाव्या वर्षी तो जॉर्ज रीबो या बुकबाइंडरकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचू लागला. जेन मार्सेट बाईंच्या पुस्तकाने त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली. वाचलेले खरे आहे की नाही, हे तो चार पैशांच्या सामानावर स्वतः करून पाहत असे.

१८१२ साली एका गिऱ्हाइकाच्या कृपेने त्याला सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला मिळाली. त्याने टिपणे स्वच्छ लिहून काढली, स्वतःच्या हाताने बांधली व डेव्हींकडे पाठवली. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली. तीच संस्था पुढे फॅरडे यांची आयुष्यभराची कर्मभूमी ठरली.

१८३३ साली त्यांच्या ध्यानात आले की बर्फ विजेला अडवतो, पण वितळून पाणी झाले की वीज वाहू लागते. मग त्यांनी अनेक क्षार वितळवून पाहिले. घट्ट असताना वीज न वाहणारे क्षार वितळताच ती वाहू देत आणि त्यांचे घटक दोन टोकांशी वेगळे होत. किती वीज सोडली असता किती पदार्थ सुटतो, हे त्यांनी चिकाटीने मोजले. ते प्रमाण ठरलेले निघाले. पदार्थांना एकत्र बांधणारी शक्ती आणि वीज यांचे मूळ एकच असले पाहिजे, असे त्यांना दिसून आले.

या नव्या गोष्टींना नावे हवी होती. केंब्रिजचे विद्वान पाळक विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार करून १८३४ मध्ये त्यांनी ती ठरविली. आयन म्हणजे जाणारा, वाटसरू. ऋणाग्राकडे जाणारा तो कॅटायन, धनाग्राकडे जाणारा तो अ‍ॅनायन. हा वाटसरू मुळात कसा आहे, हे फॅरडे यांनी ठामपणे सांगितले नाही. दिसले तेवढेच त्यांनी लिहिले. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ साली लागला आणि त्यानंतर उलगडा झाला. सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरिनचा तो घेतो. दोघांवर विरुद्ध भार येतो व त्या ओढीने ते बांधले जातात. आपल्या ताटातले मीठ ते हेच! मिठाच्या खड्यात आयन जागच्या जागी असतात. मीठ पाण्यात विरघळले की ते मोकळे होतात.

फॅरडे यांचे घराणे सँडमनियन नावाच्या लहान पंथाचे. जून १८२१ मध्ये सारा बर्नार्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी मंडळीपुढे आपला विश्वास कबूल केला. धन साठवू नये अशी त्या मंडळीची शिकवण होती. कारखानदारांच्या कामातून पुष्कळ पैसा मिळाला असता, तरी त्यांनी ते काम सोडून संशोधनच धरले. १८४० मध्ये ते वडील झाले.

पण १८४४ मध्ये कठीण प्रसंग आला. शिस्तीच्या प्रश्नावरून मंडळीने त्यांना बाहेर काढले. त्या कारणाविषयी पुढे नाना कथा रचल्या गेल्या. तेव्हा सारा युरोप त्यांना ओळखत होता आणि मंडळी मूठभर सामान्य माणसांची होती. ते रागाने निघून गेले असते तर जगाने त्यांनाच मान दिला असता. ते गेले नाहीत. थोड्याच आठवड्यांत त्यांना परत घेण्यात आले, परंतु वडिलांचे पद पुन्हा मिळायला १८६० साल उजाडावे लागले. मधली सोळा वर्षे ते साधे सभासद म्हणून मंडळीत राहिले.

सर ही पदवी त्यांनी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही घेतले नाही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निजले. त्यांच्या इच्छेप्रमाणे हायगेट येथे त्यांना साधेपणाने पुरण्यात आले.

शिक्षक बंधुभगिनींनो, विज्ञान शिकले की विश्वास जातो काय, असे एखादे मूल विचारील तेव्हा त्याला हे चरित्र सांगा. फॅरडे यांनी प्रयोगाने देव सिद्ध करण्याचा खटाटोप केला नाही आणि शास्त्रवचनावरून प्रयोगाचे उत्तर ठरविले नाही. प्रयोगशाळेत त्यांनी काळजीपूर्वक मोजले आणि मंडळीत नम्रपणे ऐकले. मोठ्या माणसालाही मंडळीत कसे राहावे लागते, हे आपणा वडीलधाऱ्यांनाही यातून शिकण्यासारखे आहे.