लिडिया पिंकम

राजे, सेनापती व पंडित यांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. परंतु घरातल्या चुलीपासून ज्यांचे नाव देशभर गेले, अशा स्त्रियांची चरित्रे क्वचितच वाचावयास मिळतात. अमेरिकेतील लिडिया पिंकम ही अशीच एक स्त्री होय. तिच्या चरित्रात अनुकरणीय असे पुष्कळ आहे, आणि सावध करणारेही पुष्कळ आहे. म्हणून दोन्ही बाजू वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

लिडियाबाईंचा जन्म मॅसॅच्युसेट्स संस्थानातील लिन या गावी ९ फेब्रुवारी १८१९ रोजी झाला. माहेरचे आडनाव एस्टेस. बारा भावंडांत त्या दहाव्या. घराणे क्वेकर पंथाचे व गुलामगिरीचे कट्टर विरोधी होते. गुलामगिरीतून सुटून आलेले विख्यात वक्ते फ्रेडरिक डग्लस हे लिन येथे राहत असता या कुटुंबाचे स्नेही झाले. अशा वातावरणात वाढलेल्या लिडियाबाई तरुणपणीच गुलामगिरीविरुद्धच्या स्त्रियांच्या मंडळात शिरल्या, आणि विवाहापूर्वी त्यांनी शिक्षिकेचे काम केले.

१८४३ साली त्यांचा विवाह आयझॅक पिंकम यांच्याशी झाला. आयझॅकराव धंदे पुष्कळ करीत. पण लक्ष्मी त्यांच्याजवळ स्थिर राहिली नाही. १८७३ साली अमेरिकेत व्यापारावर मोठे संकट आले, त्यात त्यांचे दिवाळे निघाले. त्या धक्क्याने ते खचले, आणि संसाराचा भार लिडियाबाई व मुले यांच्यावर पडला.

लिडियाबाईंना वनस्पतींच्या औषधांची आवड होती. स्त्रियांच्या दुखण्यांवर त्या एक काढा करीत व शेजारणींना फुकट देत. त्यात तेथील रानमुळ्या असत, तशाच आपल्या स्वयंपाकघरातल्या मेथ्याही असत. त्या काळी वैद्यक शिकलेले बहुतेक सर्व पुरुषच. त्यांच्यापुढे आपले दुखणे बोलावयास बायका लाजत, आणि त्यांचे उपचारही पुष्कळदा कठोर असत. त्यामुळे एका समंजस बाईच्या हातचा काढा बायकांना जवळचा वाटला, यात नवल नाही. १८७५ साली तो विकण्यास प्रारंभ झाला. घरातच काढा उकळावा, बाटल्या भराव्या, आणि डॅनियल व विल्यम या मुलांनी हस्तपत्रके घेऊन गावोगाव हिंडावे, असा तो उद्योग होता. बाटलीची किंमत एक डॉलर होती.

१८७९ साली मुलांनी आईचे चित्र जाहिरातीवर घातले. पांढरे होत चाललेले केस, गळ्याशी नीटनेटकी झालर, शांत व मायाळू मुद्रा; कोणाही घरची आजीच जणू! विक्री झपाट्याने वाढली.

या कामी त्या काळच्या चित्रकार्डांचे मोठे साहाय्य झाले. दगडावरील छपाईची कला तेव्हा भरास आली होती. दर रंगास निराळा दगड घेऊन एकावर एक ठसे उमटवीत. मुंबईस १८९४ साली निघालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील चित्रेही याच रीतीची. अमेरिकेत दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाती तळहाताएवढे रंगीत कार्ड फुकट ठेवीत. पुढल्या बाजूस फुले, मुले, मांजरे अथवा एखादा देखावा असे. मागल्या बाजूस साबण, दोरा, चहा किंवा औषध यांची स्तुती असे. बायका व मुले ही कार्डे वह्यांत डकवून ठेवीत. पिंकम यांच्या एका कार्डावर न्यूयॉर्क व ब्रुकलिन यांना जोडणारा प्रचंड पूल चितारला होता, आणि त्या पुलावर औषधाच्या नावाची भली मोठी पाटी! असे हे नाव मुलांच्या वह्यांतून घराघरात पोहोचले.

बायका लिडियाबाईंना पत्रे लिहून आपले दुःख कळवीत, आणि लिडियाबाई उत्तरे देत. स्वच्छता, साधा आहार व व्यायाम यांविषयी त्या जे सांगत, त्यातले पुष्कळ शहाणपणाचे होते. परंतु बाटलीवर व कार्डांमागे जे छापले जाई, ते मात्र फार पुढे जाई. पोटातील गाठीदेखील या काढ्याने विरघळतात, असे त्यात लिहिलेले असे. त्यास पुरावा काहीच नव्हता. शिवाय काढ्याच्या शंभर भागांत सुमारे १८ भाग मद्यार्क होता. लिडियाबाई स्वतः मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्या! औषध टिकावे म्हणून तो घालावा लागतो, असे समर्थन होई. पण पिणारीला ते ठाऊक नसे.

१८८१ साली डॅनियल व विल्यम हे दोघेही क्षयाने गेले. जगभर औषध पाठविणाऱ्या घरात त्या दुखण्यावर औषध नव्हते. १७ मे १८८३ रोजी लिडियाबाईही निवर्तल्या.

पण चित्र मेले नाही. पिंकमबाईंना पत्र लिहा, असे जाहिराती सांगतच राहिल्या, आणि कारखान्यातील स्त्रिया उत्तरे पाठवीत राहिल्या. १९०५ साली लेडीज होम जर्नल या मासिकाने लिडियाबाईंच्या थडग्याचे छायाचित्र छापले, तेव्हा बाई २२ वर्षांपूर्वीच वारल्या हे हजारो वाचकांस कळले. पिंकमबाई म्हणजे आपली सून, असा खुलासा घराण्याने केला. पण जाहिरातीवर चेहरा होता तो सासूचाच. पुढे १९०६ च्या कायद्याने औषधातील मद्यार्काचे प्रमाण बाटलीवर छापणे भाग पडले. १९२२ साली त्यांची कन्या ॲरोलिन हिने सेलम येथे माता व बालके यांच्यासाठी मोफत दवाखाना उघडून आईचे स्मारक केले.

लिडियाबाईंना ठक म्हणण्यास आमचे मन धजत नाही. संकटात त्यांनी हातपाय गाळले नाहीत, आणि ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांचे ऐकले. परंतु चेहरा सज्जनाचा असला म्हणजे त्याखाली छापलेले प्रत्येक वाक्य खरे ठरत नाही. आजही सुंदर चित्रे व ओळखीचे चेहरे दाखवून औषधे विकली जातात. आमच्या विद्यार्थ्यांनी चित्राचा आनंद अवश्य घ्यावा. मग कार्ड उलटून मागची बाजूही वाचावी, आणि तेथे लिहिले आहे त्यास आधार काय, हे विचारावे.