पहिला अंतराळवीर : युरी गागारिन

पृथ्वीला प्रदक्षिणा घालून सुखरूप परतलेला पहिला मनुष्य म्हणून युरी गागारिन याचे नाव शाळेतील बहुतेक मुलांस ठाऊक असते. परंतु तो कोणत्या घरात वाढला, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही.

रशियातील स्मोलेन्स्क प्रांतात क्लुशिनो नावाचे खेडे आहे. तेथे ९ मार्च १९३४ रोजी त्याचा जन्म झाला. वडील सुतारकाम करीत. आई सामुदायिक शेतीवरील गोठ्यात राबे. युरी नुकताच शाळेत जाऊ लागला होता, तोच १९४१ साली जर्मन सैन्य गावात शिरले. घर शत्रूने बळकावले आणि या कुटुंबाला जमिनीत खणलेल्या खोपटात बर्फाचे दिवस काढावे लागले. थोरला भाऊ व बहीण यांना जर्मनांनी वेठीस धरून नेले. ती दोघे युद्ध सरल्यावरच घरी परतली.

युरी प्रथम ओतकाम शिकला. पुढे सारातोव्ह येथे तंत्रविद्यालयात असताना त्याने विमान चालविण्याचे धडे घेतले आणि १९५७ साली ओरेनबर्गच्या वैमानिक विद्यालयातून तो लष्करी वैमानिक होऊन बाहेर पडला. त्याची उंची अवघी सव्वापाच फूट. विमान उतरविताना जमीन नीट दिसावी म्हणून तो आसनावर उशी घेई. पण १९६० साली अंतराळप्रवासासाठी वीस वैमानिक निवडले गेले, तेव्हा यानाची चिमुकली कोठडी पाहता हा ठेंगणेपणा त्याच्या पथ्यावरच पडला.

दिनांक १२ एप्रिल १९६१. मॉस्कोच्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी बैकोनूरहून 'व्होस्तोक' यानाने उड्डाण केले. या शब्दाचा अर्थ पूर्व दिशा. भारहीन अवस्थेत माणसाची बुद्धी ठिकाणावर राहील की नाही, याची तज्ज्ञांना शंका होती. म्हणून यानाची सूत्रे कुलूपबंद ठेवून ती मोकळी करण्याचा सांकेतिक आकडा एका बंद लिफाफ्यात दिला होता. मात्र तो आकडा सहकाऱ्यांनी उड्डाणापूर्वीच त्याच्या कानात सांगून टाकला होता! शास्त्रज्ञही अखेर माणसेच.

खरे संकट आले ते परतताना. यानाचा मागील भाग वेळेवर सुटला नाही आणि गागारिनची कोठडी सुमारे दहा मिनिटे गरगरत राहिली. तरीही त्याने सर्व ठीक असल्याचाच संदेश पाठविला. अखेर जोडणाऱ्या तारा जळून तुटल्या. सात किलोमीटर उंचीवर तो यानाबाहेर फेकला गेला आणि हवाई छत्रीने सारातोव्ह प्रांतातील एका शेतात उतरला. नारिंगी पोशाखातील हा पाहुणा पाहून तेथील एक शेतकरीण व तिची नात प्रथम भ्यायल्याच. उड्डाणापासून यान उतरेपर्यंत १०८ मिनिटे लोटली होती. तो यानासह उतरला नाही, ही गोष्ट मात्र सरकारने पुढे कित्येक वर्षे दडवून ठेवली. पराक्रम एवढा मोठा असता या लपवाछपवीची गरज काय होती, हे कळत नाही.

घरीही त्याने खरे सांगितले नव्हते. आईवडिलांना वाटले, मुलगा सरकारी कामाने बाहेरगावी गेला आहे. आकाशवाणीवर मेजर गागारिन हे नाव दुमदुमले, तेव्हा आपला मुलगा तर साधा लेफ्टनंट, असे म्हणून वडिलांनी विश्वास ठेवला नाही असे सांगतात. बढती त्याला उड्डाण चालू असतानाच मिळाली होती. १४ एप्रिलला मॉस्कोचे रस्ते माणसांनी फुलून गेले. या यानाचा शिल्पकार सर्गेई कोरोल्योव्ह मात्र त्या गर्दीत अनामिकच राहिला. त्याचे नाव १९६६ साली त्याच्या मृत्यूनंतर जगाला कळले. अमेरिकेत या वार्तेने खळबळ उडाली आणि २५ मे रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी चंद्रावर माणूस उतरविण्याचा संकल्प जाहीर केला.

जुलैमध्ये गागारिन इंग्लंडात मँचेस्टरला गेला तो ओतकाम करणाऱ्या कामगारांच्या निमंत्रणावरून. भर पावसात तो उघड्या मोटारीत उभा राहिला, कारण रस्त्यावरची माणसेही भिजत उभी होती. नोव्हेंबरअखेर तो भारतात आला. दिल्लीप्रमाणे मुंबईनेही त्याचे स्वागत केले. आमचा गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. मुक्तीचा दिवस तीनच आठवड्यांवर आला होता.

कीर्ती मिळाली, पण अंतराळात पुन्हा जाण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. १९६७ साली त्याचा सहकारी कोमारोव्ह यान कोसळून मृत्यू पावला. त्या उड्डाणासाठी राखीव म्हणून गागारिनच नेमलेला होता. त्यानंतर त्याला अंतराळप्रवासास मनाई झाली. विमानोड्डाण मात्र त्याने सोडले नाही. २७ मार्च १९६८ रोजी सरावाच्या वेळी विमान कोसळून तो व त्याचा शिक्षक सेर्योगिन दोघेही मृत्यूमुखी पडले. त्याचे वय चौतीस वर्षांचे होते. अपघाताच्या कारणाविषयी अजूनही वाद चालतो.

पहिल्या उड्डाणाच्या दोन दिवस आधी त्याने पत्नी वालेन्तिनाला पत्र लिहून ठेवले होते. धाकटी मुलगी तेव्हा जेमतेम महिन्याची. आपले काही बरेवाईट झाल्यास शोकात बुडून न जाता मुलींना सांभाळावे आणि पुढील आयुष्याचा निर्णय स्वतःच्या मनाप्रमाणे घ्यावा, असा त्यातील आशय. ते पत्र तिच्या हाती पडले ते सात वर्षांनंतर, १९६८ साली.