विठाबाई गेल्या, पुरस्कार मागं राहिला

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. घरचाच भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड, त्यातच त्या वाढल्या. दिवस भरलेले असताना एकदा खेळ रंगात आला आणि कळा सुरू झाल्या. पडद्यामागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली अन् परत स्टेजवर उभ्या! गावोगावी आजही हे सांगतात.

१९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. पण शेवटी दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागलं. २००२ मध्ये त्या गेल्या. २००६ पासून सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे, पण तो मिळतो एकाला. फडावर ढोलकीवाल्यापासून तंबू ठोकणाऱ्यापर्यंत कितीतरी चुली पेटतात. अनुदान फडाला पाहिजे, आणि तेही जत्रांचा हंगाम लागण्याआधी, मालक सावकाराच्या दारात जायच्या आत.