उत्तर जुळले, पण रीत? – ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आले तरी गुरुजी रीत तपासतात आणि रीत पटली नाही तर गुण कापतात. तुम्हाला तो अन्याय वाटतो. आपल्याच मुलखातील एका शाळामास्तरांचे उत्तर असेच जुळले होते, आणि तेही थेट आकाशातल्या एका ग्रहाचे!

व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. नरगुंद आज गदग जिल्ह्यात आहे. त्या वेळी ते भावे घराण्याचे छोटेसे संस्थान होते. केतकर चार वर्षांचे असताना नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि जून १८५८ मध्ये त्यांना आपल्या बेळगावात फाशी देण्यात आले. संस्थान गेले. केतकरांच्या घरी मात्र ज्योतिषाचा वारसा होता, तो टिकला. पुढे ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस लागले आणि बागलकोटच्या इंग्रजी शाळेत त्यांनी बरीच वर्षे शिकवले. जवळ मोठी वेधशाळा नव्हती, मोठी दुर्बीण नव्हती. होती ती कोष्टके, कागद आणि गणिताची अफाट आवड.

त्या काळी आपल्याकडची बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. हा ग्रंथ १५२० सालचा. आकडेमोड सोपी करणारा, फार हुशारीने रचलेला. पण बारीकशी चूकही साडेतीनशे वर्षे साठत गेली की मोठी होते. पंचांगात ग्रह एकीकडे आणि आकाशात दुसरीकडे, ग्रहणाची वेळ पुढेमागे, असे होऊ लागले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधीच सुधारणेची वाट दाखवली होती. केतकरांनी युरोपातील नव्या वेधांचा आधार घेऊन ‘ज्योतिर्गणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला, पुढे ‘केतकी ग्रहगणित’ लिहिले. त्यांचे म्हणणे साधे होते : गणित आकाशाशी जुळत नसेल तर आकाश चुकलेले नसते. ग्रंथ कितीही पूज्य असला तरी डोळ्यांना दिसेल ते प्रमाण. याला आपले जुने ज्योतिषी दृक्प्रत्यय म्हणत, म्हणजे ही कल्पना परकी नव्हती. फक्त तिचा विसर पडला होता.

पण प्रत्येक वाद आकाशाकडे पाहून मिटत नाही. मेष राशीचा आरंभ नेमका कोठून धरायचा, यावर मोठे रण माजले. लोकमान्य टिळकांचा पक्ष रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापासून मोजावे असे म्हणे. केतकर म्हणत, चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरावा. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. त्यामुळे काही वर्षी अधिक मास वेगळा येतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरी गणपती एक महिना आधी बसतो. आता विचार करा, हे दुर्बिणीने कसे ठरणार? शेताची मोजणी कोणत्या कोपऱ्यापासून सुरू करायची हे शेत सांगत नाही, ते माणसांनी ठरवायचे असते. माझ्या मते हा वाद इतका कडवट झाला तो यामुळेच, की संकेताचा प्रश्न सत्याचा असल्यासारखा लढवला गेला. पुढे १९५५ साली मेघनाद साहा यांच्या पंचांग सुधारणा समितीने चित्रा पक्षाच्या बाजूचे मोजमाप स्वीकारले. तोही एक निर्णयच होता, शोध नव्हे.

आता ग्रहाची गोष्ट. १९११ साली केतकरांनी फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत एक लेख प्रसिद्ध केला. गुरूच्या आतल्या तीन मोठ्या चंद्रांच्या फेऱ्या एकमेकींशी बांधलेल्या आहेत : पहिल्याच्या चार होतात तोवर दुसऱ्याच्या दोन आणि तिसऱ्याची एक. हा संबंध लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने उलगडला होता. युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्याही पलीकडचे ग्रह असेच बांधलेले असावेत असे केतकरांनी धरले आणि दोन अज्ञात ग्रह सांगितले. नावे ठेवली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि एक फेरी २४२.२८ वर्षांची.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ या तरुणाला प्लूटो सापडला. अंतर सुमारे ३९.५ पट, फेरी २४८ वर्षांची. केतकर त्याच वर्षी वारले. आकडे किती जवळ आले पाहा! म्हणून आपल्याकडे अभिमानाने म्हटले जाते की प्लूटोचे भाकीत बागलकोटच्या मास्तरांनी केले.

अभिमान जरूर असावा. पण विज्ञानाचे तत्त्वज्ञान नावाचा जो विषय आहे तो येथे रीत विचारतो. युरेनसची फेरी ८४ वर्षांची, नेपच्यूनची सुमारे १६५. दुपटीच्या जवळ, पण दुप्पट नव्हे. म्हणजे गुरूच्या चंद्रांसारखा घट्ट बांध तेथे नाही आणि ज्या पायावर गणित उभे होते तो पायाच पक्का नव्हता. ग्रह आकाशात कोठे शोधावा हेही केतकरांनी दिले नव्हते. मात्र नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तोवर प्लूटोच्या दोन होतात हे पुढे आढळले, म्हणजे फेऱ्या बांधलेल्या असू शकतात ही त्यांची कल्पना अगदीच वाया गेली नाही.

यात ते एकटे नव्हते. अमेरिकेच्या पर्सिव्हल लोवेल यांनी पृथ्वीच्या सुमारे सातपट वजनाचा ग्रह सांगितला होता, आणि प्लूटो त्यांनी दाखवलेल्या जागेजवळच मिळाला. सर्वांना वाटले, सिद्ध झाले. १९७८ साली प्लूटोचा चंद्र सापडला आणि त्यावरून वजन काढता आले, तर ते आपल्या चंद्राच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास निघाले! एवढासा गोळा युरेनसला हलवणार कसा? लोवेल यांचे जुळणे हा योगायोग होता. फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी गणिताने नेपच्यूनची जागा सांगितली आणि १८४६ साली तो सापडला. त्याच रीतीने त्यांनी बुधाच्या आत व्हल्कन नावाचा ग्रह सांगितला. तो कधीच मिळाला नाही. बुधाच्या कक्षेचे कोडे १९१५ साली आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांताने सुटले.

केतकरांच्या त्या लेखात ब्रह्माबरोबर विष्णूही होता. त्याचे नाव आज कोणी फारसे घेत नाही. तो ग्रह अजून कोणालाही सापडलेला नाही.