हाइनरिख क्विंके

मानवी मेंदू कवटीच्या भक्कम पेटीत बंदिस्त असतो. एके काळी त्या पेटीत काय बिघडले आहे, हे रोगी जिवंत असेतो जाणून घेण्याचे साधन डॉक्टरांपाशी जवळजवळ नव्हतेच. ते साधन ज्यांनी मिळवून दिले, त्या हाइनरिख क्विंके यांची ही अल्प ओळख.

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १८४२ रोजी जर्मनीत, ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्ट या गावी झाला. वडील डॉक्टर होते. बंधू गेओर्ग पुढे नामांकित पदार्थवैज्ञानिक झाले. १८६३ मध्ये हाइनरिख यांनी बर्लिनमध्ये वैद्यकाची पदवी संपादन केली.

मेंदूच्या आतील पोकळ्यांत एक नितळ द्रव पाझरतो. तो रोज सुमारे अर्धा लिटर तयार होतो. परंतु एका वेळी प्रौढ शरीरात जेमतेम दीडशे मिलिलिटर असतो. पोकळ्यांतून बाहेर पडून तो मेंदू व मेरुरज्जू यांभोवती फिरतो आणि अखेरीस रक्तात मिसळतो. १८७२ मध्ये क्विंके यांनी कुत्र्यांच्या या द्रवात हिंगुळाचे तांबडे कण सोडले. पाठीत सोडलेले कण डोक्यापर्यंत पोहोचलेले आढळले. दोन्ही ठिकाणचे पाणी एकच, हे त्यातून दिसून आले.

हे ज्ञान पुढे कील येथे प्राध्यापक असताना कामी आले. मस्तिष्कावरणाच्या दाहाने बालकांच्या डोक्यात पाणी साचे. दाब वाढून ती ग्लानीत पडत व बहुधा दगावत. डोक्यातील दाब पाठीतून का उतरवू नये, असा विचार क्विंके यांनी केला. मेरुरज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याच्या खाली, दोन मणक्यांमधून पोकळ सुई घालून त्यांनी पाणी काढले आणि १८९१ मध्ये ही रीत जाहीर केली. त्याच सुमारास इंग्लंडात विंटर यांनीही असा प्रयत्न केला होता. पण क्विंके यांची सुईची रीत सोपी असल्याने तीच रूढ झाली. काढलेले पाणी त्यांनी फेकून दिले नाही. त्याचा दाब मोजला, त्यातील साखर व प्रथिने तपासली, क्षयाचे जंतू शोधले. उपचारासाठी योजलेली सुई अशा रीतीने निदानाचे साधन बनली.

१९०८ मध्ये ते निवृत्त झाले व १९ मे १९२२ रोजी निवर्तले.

पाठीतले पाणी काढायचे म्हटले, की आजही घरची माणसे धास्तावतात. रोगी लुळा होईल, असे त्यांना वाटते. परंतु सुई जेथे टोचतात, तेथे मेरुरज्जू नसतोच. एवढी एक गोष्ट ठाऊक असली, तर तपासणीला वेळेवर संमती मिळेल आणि एखादे बालक वाचेल.