जड हायड्रोजनचे जनक : हॅरॉल्ड युरी

आकडी आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिचा काहीच उपयोग नसतो. अपस्मार हा मेंदूचा विकार आहे आणि त्यावर औषध आहे. मात्र ते नेमक्या मात्रेत जावे लागते. ती मात्रा रक्तात अचूक मोजण्यास ज्या शोधाचा हातभार लागतो, त्या शोधाच्या जनकाचा हा अल्प परिचय.

हॅरॉल्ड युरी यांचा जन्म २९ एप्रिल १८९३ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात वॉकरटन या लहानशा गावी झाला. वडील शिक्षक व धर्मोपदेशक. युरी सहा वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. घरची परिस्थिती बेताची असल्याने शालेय शिक्षण संपताच त्यांनी खेड्यांतील शाळांत मास्तरकी केली आणि मग मोंटाना विद्यापीठात प्रवेश घेतला. १९१७ साली ते पदवीधर झाले, तेही प्राणिशास्त्र घेऊन! रसायनाकडे ते वळले पहिल्या महायुद्धाच्या काळात, कारखान्यात काम करताना. १९२३ मध्ये बर्कले येथे डॉक्टरेट मिळवून ते कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे शिकण्यास गेले.

१९३१ च्या अखेरीस कोलंबिया विद्यापीठात असताना त्यांच्या हातून मोठा शोध लागला. नेहमीच्या हायड्रोजनच्या दुप्पट वजनाचा एक हायड्रोजन निसर्गात असतो. सुमारे ६४०० अणूंमागे तो एखादाच सापडतो. फर्डिनंड ब्रिकवेड यांनी द्रव हायड्रोजन सावकाश उडवून मागे उरलेला अंश पाठवला. जॉर्ज मर्फी यांच्यासह युरींनी वर्णपटात त्याच्या अंधूक रेषा शोधून काढल्या. हाच ड्यूटेरियम.

१९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या युरींना मिळाले. त्यांनी रकमेचा एक चतुर्थांश वाटा ब्रिकवेड यांना आणि तेवढाच मर्फी यांना दिला. श्रेयासाठी भांडणारे जगात पुष्कळ असतात. मिळालेले श्रेय वाटून देणारे विरळाच.

हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले रूडॉल्फ शोनहायमर कोलंबियात आले. युरींचे विद्यार्थी डेव्हिड रिटनबर्ग त्यांना येऊन मिळाले. १९३५ मध्ये या दोघांनी ड्यूटेरियमने खूण केलेली स्निग्ध द्रव्ये प्राण्यांना खाऊ घालून ती शरीरात कुठे जातात याचा माग काढला. पुढे हीच युक्ती औषधांच्या कामी आली.

फेनिटॉइन हे अपस्मारावरील औषध १९३८ पासून प्रसिद्ध आहे. त्याची मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातील प्रमाण एकदम चढू शकते. मग रोग्याचा तोल जातो, डोळे भिरभिरतात. प्रमाण कमी पडले तर आकडी परतते. म्हणून मोजमाप अचूक हवे. फेनिटॉइनच्या रेणूतील दहा हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घातले, की त्याचे रेणुभार २५२ चे २६२ होते. रासायनिक वागणूक मात्र जवळजवळ तीच राहते. हा जड जुळा भाऊ मोजून रक्ताच्या नमुन्यात मिसळतात. शुद्धीकरणात औषध जेवढे वाया जाते, त्याच प्रमाणात हाही जातो. शेवटी वस्तुमानमापक यंत्र दोघांना वजनावरून वेगळे करते. जुळ्याचे मूळ प्रमाण ठाऊक असल्याने औषधाचे प्रमाण गुणोत्तरावरून कळते.

दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्याच्या कामाची धुरा युरींकडे होती. हिरोशिमानंतर मात्र त्यांनी अण्वस्त्रांवर नियंत्रण आणण्यासाठी जाहीरपणे आवाज उठवला. शिकागोत त्यांचे शिष्य स्टॅन्ली मिलर यांनी साध्या वायूंपासून ॲमिनो आम्ले बनवून दाखवली. १९५३ च्या त्या निबंधावर युरींनी स्वतःचे नाव घालू दिले नाही, कारण नाव मोठ्याचे असले की श्रेयही त्यालाच जाते. ५ जानेवारी १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

पिंपळे सौदागरहून नदीपलीकडे थोड्याच अंतरावर, पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. एकीकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. औषधे आणि रसायन हे शब्द या परिसराला परके नाहीत. तिकडे रायगड जिल्ह्यात थळ येथे १९८७ पासून जड पाणी, म्हणजेच ड्यूटेरियमचे पाणी, तयार होऊ लागले. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला या रसायनाची सूत्रे कदाचित उमगणार नाहीत. पण खेड्यातला एक पोरका मास्तर एवढा मोठा झाला आणि मोठेपणीही वाटून खाण्यास विसरला नाही, हे उमगायला सूत्रांची गरज नाही.